काउंटर क्रमांक तीन, कुमासी

काचेला खाली अर्धगोल भोक आहे.
त्यातून हात येतात.
मासळीच्या वासाचे, शाई लागलेले,
करंगळी नसलेला एक, सुताराचा.
मी सांगतो, सगळं एका ठिकाणी ठेवू नका.
हे सांगण्याचा मला पगार मिळतो.
पगार सेडीत मिळतो.

सेडीबद्दल काय बोलावं.
सकाळी खिशात घातली
तर संध्याकाळी आकडा तोच असतो,
पाव तेवढा लहान झालेला.

माझी आई, अफुआ पोकुआ,
या रांगेत कधी उभी राहिली नाही.
टोमॅटो विकून तिने जे राखलं ते
पत्र्याच्या ट्रंकेत: सहा-सहा वार छापील कापड,
घडी न मोडलेलं, डांबरगोळ्यांच्या वासाचं.
"हे नेसायचं नाही," ती म्हणायची, "हे वाढतंय."
आणि आबुआक्वाच्या रस्त्याला जमिनीचा एक तुकडा.
बाजार बरा गेला की सिमेंटचे वीस ठोकळे,
वाईट गेला की पाच.
बावीस वर्षांत भिंती खिडक्यांच्या वर आल्या.
नगरपालिकेने त्यांवर लाल रंगात लिहिलं:
काम थांबवा, परवाना दाखवा.
काम थांबलेलंच होतं.

मग एक शांत वर्ष आलं.
महागाई एक आकडी, कोकोला भाव,
बंदरात जहाजं वेळेवर.
मी नवा टाय बांधून, तक्ता घेऊन तिच्याकडे गेलो.
तिला अक्षर येत नाही,
पण रेघ वर जातेय हे कळतं.
छपराच्या पत्र्यांसाठी बाजूला काढलेले पैसे
मी सरकारी रोख्यांत घातले.
सरकार कुठे पळून जाणार आहे, असंही म्हणालो.

सरकार पळालं नाही.
जागच्या जागी बसून राहिलं
आणि एका सकाळी म्हणालं,
मुदत जरा लांबवू, व्याज जरा कमी करू,
सही इथे.
नवी मुदत भरेल तेव्हा आई ब्याऐंशीची असेल.

त्याच सुमाराला सिमेंट दीडपट झालं.
आईने मला न सांगता ट्रंक उघडली,
सगळं कापड विकलं, चाळीस गोण्या घेतल्या.
पुढच्या महिन्यात अजून चढेल म्हणून.
चढलंही. माझ्या तक्त्यापेक्षा
तिचा अंदाज खरा निघाला.
पण छपराचे पैसे सरकारकडे
आणि गोण्या उघड्या भिंतींत, ताडपत्रीखाली.

जूनमध्ये मी पाहायला गेलो
तेव्हा तिथे चाळीस दगड होते,
प्रत्येकाला गोणीचा आकार,
कंपनीचं नाव अजून वाचता येत होतं.

ती रडली नाही.
एका गोणीवर टाच आपटली आणि म्हणाली, "पक्कं आहे."
मग दोन पोरं लावून
दारापुढे रचून घेतल्या.
आता त्या घराला सात पायऱ्या आहेत,
चढून गेलं की आत आकाश.

रविवारी ती तिसऱ्या पायरीवर बसते.
तिथेच तिने विचारलं,
"तुझ्या तक्त्यात टोमॅटो कुठे येतात?"
येत नाहीत, मी म्हणालो, नासतात.
"म्हणून तर," ती म्हणाली,
"पहाटे घ्यायचे, अंधार पडायच्या आत विकायचे.
बारा-चौदा तास
मी कुठल्याही नोटेवर विश्वास ठेवते."

आज सुताराचा हात पुन्हा आला काचेखालून.
नोटा दमट, रबर लावलेल्या.
कशात घालू, त्याने विचारलं.
मी नेहमीचं वाक्य सांगायला तोंड उघडलं,
माहितीपत्रक अर्धं पुढे सरकवलं,
आणि मलाच ऐकू आलं, मी त्याला विचारत होतो,
तुझ्या घरावर छप्पर आहे का?