कानामागची तीट

"ही शाई कधीपासून?"
माझा कान दुमडून मॉरीन नर्सनं विचारलं.
शाई नव्हे गं, तीट म्हण.
आईनं लावलेली कधीच पुसली गेली,
ही चाळिशीनंतर उमटली, आतून.

चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये भरून आणा म्हणाले.
मी थोडी कपात काढून खिडकीत ठेवली, माझी मीच बघायला.
सकाळी पिवळी. जेवणापर्यंत कोरा चहा.
दिवेलागणीला मर्सी नदीसारखी,
पावसाळी, लिव्हरपूलच्या गोदीजवळची.

म्हणून आमचे लंगोट साबण लागला की काळे पडत.
माझे, आणि माझ्याआधी दादाचे.
आई ते अंधारात धुवायची,
मागच्या दारी वाळत घालायची, कुणाला न सांगता.

डॉक्टर गिलमोर साधं बोलतात.
एक एन्झाइम नाही तुमच्याकडे.
निम्मी चूक आईची, निम्मी बाबांची,
दोघांनाही पत्ता नव्हता.
मग मणक्यांचा फोटो उजेडावर धरला.
मधल्या चकत्या इथे पांढऱ्या दिसतात,
आत काळ्या आहेत, आणि दगड झाल्यात.
"हा कणा आता वाकायचा नाही," ते म्हणाले.

वाकायचा नाही.

आई गेली तेव्हा सगळे तिच्या पायांवर वाकले.
दादा भिंतीशी उभा, हात जोडून, खांबासारखा.
हेडमास्तर झाला ना, गाव कुजबुजलं.
मी कुजबुजले नाही. सगळ्यांसमोर म्हणाले,
"मोडेन पण वाकणार नाही, तसलाच तू.
आईपुढेसुद्धा."
त्यानं उत्तर दिलं नाही.
अकरा वर्षं मीही फोन केला नाही.

गोळी रोज एक. मुळात तणनाशक म्हणून शोधलेली,
हे सांगताना मॉरीनलाच हसू आलं.
डाळ मोजून, चीज बंद, डोळे चुरचुरले तर कळवा.
मी विचारलं, ही गोळी गारगोटीला मिळेल का?
ती म्हणाली, स्पेलिंग सांगा.

रात्री जागून तिकडची सकाळ गाठली.
"दादा, मी कुमुद."
बराच वेळ नुसती कावळ्यांची कावकाव.
"बोल."
"जरा आरशात कान बघ. मागची बाजू.
काळं दिसतंय का?"

"आरसा सुनेनं खाली लावलाय," तो म्हणाला,
"तिच्या उंचीला.
मला वाकून बघता येत नाही गं.
थांब, नातीला बोलावतो."