शेवटचा रकाना

तिसऱ्या शनिवारी, वारा वीस मैलांच्या आत असेल तर,
आम्ही ड्वेन क्रूपिचकाच्या कुरणावर जमतो.
नेब्रास्कात आकाशाची टंचाई नाही.
धान्याची एक कोठी सोडली
तर वर बघताना काहीच आडवं येत नाही.

मिलो व्होत्रुबानं चाळीस वर्षं टपाल वाटलं.
आता गळ्यात शिट्टी, हातात किल्ली,
आणि ती खोचल्याशिवाय
बॅटरीतली ठिणगी जागची हलत नाही, हा त्याचा तोरा.
घोड्याचे दात बघावेत तसे
तो प्रत्येक रॉकेटचे पंख हलवून बघतो.
"गोंद कधी लावलास? आज सकाळी? गाडीत?"
पोरं मान खाली घालतात,
आणि पन्नाशीतला दंतवैद्यसुद्धा.

माझ्याकडे वही.
नाव, इंजिन, किती सेकंद, कुठे पडलं.
शेवटचा रकाना: परत मिळालं का.

तसं रॉकेट म्हणजे काय, पुठ्ठ्याची नळी,
बाल्साचे तीन पंख, प्लास्टिकचं नाक,
आणि कचऱ्याच्या पिशवीतून कापलेली छत्री.
तिला पावडर चोळायची, बाळाला चोळतात तीच,
म्हणजे वर गेल्यावर ती मिटून बसत नाही.
दुपारपर्यंत आम्हा सगळ्यांना तान्ह्या बाळांचा वास येतो,
त्याच्याखाली जळक्या गंधकाचा.

पाच, चार, मोजायला सगळेच.
तीन, टेरेझा कुत्र्याचे कान झाकते.
दोन.
एक.
काही नाही.

"एक मिनिट कुणी हलायचं नाही," मिलो.
इतकं शांत आमच्यातलं कुणी चर्चमध्येही बसत नाही.

मग नवी वात, नवी मोजणी
आणि फस्सकन
बोट दाखवेपर्यंत ते बोटाच्या पुढे गेलेलं,
टोप्या मागे पडलेल्या,
वर खडूची एक रेघ,
कुणीतरी ओढायला घेऊन मध्येच सोडून दिलेली.

जूनमध्ये अंड्यांची स्पर्धा.
न्याकिमनं, वय वर्षं नऊ,
कच्चं अंडं पायमोज्यात गुंडाळून सातशे फूट पाठवलं.
ते हलतडुलत उतरलं, न तडकता.
आमचा जीव भांड्यात पडला,
आणि दाखवायला म्हणून तिनं ते बाहेर काढलं
तेव्हा अंडं मिलोच्या बुटावर.
उड्डाण यशस्वी, मी लिहिलं.
बुटासाठी रकाना नव्हता.

माझं निळं रॉकेट
एका ऑगस्टमध्ये मक्याकडे निघालं.
छत्री अगदी हवी तशी उघडली, तीच चूक.
मका आठ फूट. आत शिरलं
की आपलीच हाक आपल्याला सापडत नाही.
दोन तास. कोपरं पानांनी चिरलेली.
लिहिलं: नाही.

नोव्हेंबरात, कापणी उरकली की,
ड्वेन ट्रकचा मागचा फळा पाडून उभा राहतो.
त्यावर आमचं पीक:
मोडकी नाकं, फाटक्या छत्र्या,
एकदा कुणाची तरी कवळी,
तिच्यावर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही.
यंदा त्यात एक नळी होती, कुंपणाच्या कडेला सापडलेली,
निळी म्हणायची म्हणून निळी.
आत उंदरानं संसार मांडलेला:
मक्याचे केस, छत्रीच्या चिंध्या,
माझा फोन नंबर, शेवटचे चार आकडे कुरतडलेले.
"रिकामी आहे," ड्वेन म्हणाला, "बघितलं मी.
मोठी होऊन गेली सगळी."

मिलोनं वही मागून घेतली, जुनं पान काढलं.
छत्रीवर सर्वाधिक वेळ, क्लबचा विक्रम:
चार मिनिटं, अकरा सेकंद, दंतवैद्य.
दंतवैद्य म्हणाला, जमिनीला टेकलं की घड्याळ थांबतं.
"टेकताना पाहिलं कुणी?"
कुणीच नाही.

'नाही' खोडून मी लिहिलं:
तीन वर्षं, दोन महिने, सव्वीस दिवस.
"सेकंद," मिलो म्हणाला, "सेकंद राहिले."
मी अंदाजानं सात लिहिले.