शून्य, पाच

लिवाच्या दक्षिणेला, सतरा नंबरच्या विहिरीवर,
सकाळी सव्वानऊलाच पॅनेलचा पत्रा हात लावू देत नाही.
गुलरेझने पिकअप अशी उभी केली
की तिची सावली माझ्या मानेवर पडावी, तेवढीच.
उरलेली त्याने स्वतःला घेतली
आणि चाकाला टेकून झोपला.

मांडीवर लॅपटॉप, त्याच्याखाली ओला टॉवेल,
केबल मोडेमच्या पोटात.
आधी नुसतं ए-टी म्हणायचं.
म्हणजे, आहेस का?
वेग चुकला तर उत्तरात कचरा येतो,
चौकोन, तुटकी अक्षरं,
दातखीळ बसलेला माणूस बोलेल तसं.
एकोणीस हजार दोनशेवर कचराच.
नऊ हजार सहाशेवर तो शुद्धीवर आला: ओके.

सिमचा पिन. तीनदाच चुकता येतं,
म्हणून आकडे आधी वाळूत बोटाने लिहून पाहिले.
सिग्नल विचारला: अकरा,
भिंतीपलीकडून कुणी कुजबुजावं इतका.
मग विचारलं, नोंद झाली का तुझी?
शून्य, पाच.

झालीच की. गुलरेझला हाक मारणार होतो.
पॅकेट सेवेला जोड म्हटलं, एरर.
नेटवर्कचं नाव तपासलं, एक टिंब जास्त होतं,
काढलं, एरर.
टॉवेल वाळला.
पुन्हा एरर.

दाराच्या आतून सर्किटचा नकाशा डकवलेला होता.
उन्हाने त्याचा गोंद कधीच सोडला असणार,
माझा कोपर लागला आणि कागद खाली आला.
मागे, पत्र्यावर, पेन्सिलीने, देवनागरीत:

दक्षिणेचो टावर लबाड आसा.
शून्य-पाच इलो म्हणान नाचा नको.
तो दुसऱ्याच्या देशातसून बोलयता.
अँटेना उत्तरेक कर, मगे एक येतलो.

मी वाशिमचा. पहिल्यांदा अर्धंच कळलं.
मोठ्याने वाचलं, तेव्हा सगळं.
गुलरेझने एक डोळा उघडला,
त्याला वाटलं मी दुवा मागतोय,
मिटून घेतला.
खाली सही नाही. नऊ वर्षांपूर्वीची तारीख,
आणि एक बांगडा काढलेला, डोळ्यासकट.

पाच म्हणजे नोंद आहे, पण घरची नाही.
माझ्या रहिवासी कार्डाचाही अर्थ तोच,
फक्त तिथे एरर येत नाही, पगार येतो.

तीन मीटरच्या खांबावर चढलो,
तेराच्या पान्याने क्लॅम्प ढिला केला,
अँटेनाचं तोंड सरहद्दीकडून वळवून मझैराकडे केलं.
कान धरून पोराला वळवावं तसं.
नेटवर्क हाताने ठरवून दिलं, हेच, दुसरं नाही.
सिग्नल एकोणीस.
शून्य, एक.
जोड म्हटलं, जोडला. पत्ता मिळाला.
पहिलं पॅकेट गेलं:
पाणी एकसष्ट मीटरवर, पंप बंद, दार उघडं.

मदीनत झायदच्या कंट्रोल रूममधून शीजाचा फोन:
"सतरा, तुमचं दार उघडं दिसतंय."
हे ती मला म्हणाली की विहिरीला, विचारलं नाही.
अकरा मिनिटांनी पुन्हा तीच: "सतरा गेला."

गेला नव्हता. बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून गप्प होता,
आणि गप्प बसलेल्याची लाइन नेटवर्क काढून घेतं.
दर चार मिनिटांनी एक रिकामं पॅकेट, असं लावून दिलं.
गुलरेझच्या थर्मासातला वेलचीचा चहा दोनदा प्यायलो.
चाळीस मिनिटं झाली. टिकला.

मग पेन्सिल घेतली, बांगड्याच्या खाली लिहिलं:

दर चार मिनिटाले काही ना काही बोलत राहा लागते.
रिकामं बोललं तरी चालते.
गप्प बसलं का थे लाइन कापतेत.

मला मासा जमत नाही. तुरीची शेंग काढली.
केळ्यासारखी झाली.
नकाशा टेपने परत डकवला, दार ओढून कुलूप घातलं.

डांबरी रस्त्याला लागेपर्यंत शीजाचा मेसेज:
सतरा, दार बंद.