सतरा नंबर

कॅटल्पा रेकॉर्ड्स, डेटन, ओहायो.
एकूण तेवीस तबकड्या, सात इंची,
पासष्ट ते अडुसष्ट सालच्या.
माझ्याकडे एकवीस होत्या, मग बावीस झाल्या,
आणि मग वर्षानुवर्षं बावीसच.

मी बर्नलीच्या गिरणीत फिटर.
शनिवारी रात्री बगलेत टॉवेल मारून निघायचो,
फरशीवर टाल्कम पावडर भुरभुरून
उजाडेपर्यंत नाचायचो.
वर मंचावर क्लाइव्ह हेस्केथ,
तबकडीच्या नावावर पांढरा कागद डकवून बसलेला,
कुणी वाचू नये म्हणून.
त्याच्या गाडीचा क्लच मी फुकट बदलून दिला
तेव्हा कुठे त्यानं नखानं कोपरा उचलला:
निळ्यावर एक झाड, लांब लांब शेंगांचं.
तेवढंच.
तेवढ्यावर माझी चाळीस वर्षं गेली.

मॉरीन म्हणायची,
"छत गळतंय, आणि तू अठरा नंबरला
पुठ्ठ्याचं नवं घर बांधतोयस."
अठरा नंबर, व्हर्लीन टब्स.
प्रेस्टनच्या बाजारात बुटांच्या खोक्यात सापडलेली.
दुसऱ्या कडव्यात ती 'थांब' म्हणते
नेमकी तिथं
टक्.
भिंगाखाली धरली: काळ्या अंगात रुतलेला
तिळाएवढा निळा कागद.
खोट म्हणून दोन पौंड कमी करून घेतले मी.

सतरा मात्र कुणाच्याच नजरेला पडली नव्हती.
सोळानंतर एकदम अठरा,
मध्ये पडलेल्या दाताची जागा.
कुणी म्हणे मालकाला, लुशियस पेटवेला, आकडा अशुभ वाटायचा.
कुणी म्हणे खोकी पुरात गेली.
लीड्सचा एकजण छातीवर हात ठेवून सांगायचा, मी ऐकलीय,
पण गुणगुणून दाखव म्हटलं
की त्याला खोकला यायचा.

मॉरीन गेली त्या वर्षी मी ओहायोला गेलो,
छतासाठी साठवलेल्या पैशांतून.
पेटवेची मुलगी ऑर्नेडा,
तीस वर्षं शाळेची बस चालवून घरी बसलेली.
दारात तिनं माझं बोलणं दोनदा ऐकलं,
काही कळलं, काही सोडून दिलं,
म्हणाली, "आत या. टोपी राहू द्या, हीटर बंद आहे."

वडिलांचं दुकान टीव्ही दुरुस्तीचं.
मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून गाणी भरायची,
रस्त्यावरून बस गेली की पुन्हा पहिल्यापासून.
बसचं सांगताना ती हसली.
मग हिशेबाची वही काढली.

सतरा. आयझेया टब्स. प्रती तीनशे.
खाली पेन्सिलीनं: पोराला सैन्याचं पत्र.
आता रेडिओवाल्यांच्या पायऱ्या कोण झिजवणार?
त्याखाली, शाईनं:
कारखान्याची उधारी. तीनशेच्या तीनशे वितळवायला दिल्या.
त्याच मालातून अठरा.

"टब्स," मी म्हटलं, "म्हणजे व्हर्लीनचा..."
"धाकटा भाऊ."
वही मिटता मिटता ती म्हणाली,
"वितळवण्याआधी मधला कागद कापून काढायचा असतो.
पण पाळी संपत आली की
कोण एवढं बघतंय."

मी बघितलं नसतं.
गिरणीत पहाटे पाचनंतर
मी कधीच काही बघितलं नाही.

घरी आलो. जिन्यातली बादली भरून वाहत होती.
ती रिकामी केली, हात पुसले,
अठरा नंबर लावली.
पहिलं कडवं. पितळी वाद्यं. पुन्हा ती.
थांब, म्हणाली.

तबकडी उचलून मी ती खोट
पुसली नाही. पुसता येत नाहीच.
वहीत सोळाखाली, कोऱ्या ओळीवर,
चाळीस वर्षांनी लिहिलं:
सतरा. अठरा पाहा.

लीड्सच्या माणसाला अजून कळवलेलं नाही.
खोकू दे त्याला.