दोन तासांची बोट

तिकिटावर दोन तास लिहिलंय.
त्यातली वीस मिनिटं चपला काढण्यात जातात.
चपला इथे, या निळ्या पिंपात. परत आल्यावर
ज्याला जी डावी मिळेल त्याने ती घालावी,
मागे इचलकरंजीचे एक गृहस्थ
बायकोच्या बहिणीची सँडल घालून एसटीत चढले.

जाकीट मी बांधते. हात वर करा.
नाही, फोटो झाल्यावर काढायचं नाही.
पोटावरचा पट्टा ओढला की माणूस श्वास आत घेतो,
सगळेच घेतात, लग्न ठरलेली पोरंसुद्धा.
तेवढ्यात मला कळतं कोण भितो
आणि कोणी जेट्टीवर यायच्या आधीच सुरुवात केलीय.

खाली डिझेलचा वास येईल, वर अत्तराचा,
मधे मांदेलीचा. मांदेली तिकिटात आहे,
माणशी सहा. मोजून.
लवू केळूसकर इंजिनाशी बसतो, त्याला हाक मारू नका,
तो ऐकत असतो. गाणं नव्हे, पंखा.
गाणी सायमन लावतो.
तुम्ही मागितलेलं गाणं तो इतक्या उशिरा लावतो
की तेव्हा ते दुसऱ्याच कोणाला आवडलेलं असतं.

डॉल्फिन म्हणून कोणी ओरडलं
तरी सगळे एका बाजूला धावू नका.
बहुतेकदा तो भोगव्याकडचा खडक असतो.
खडक पाहायला बोट कलंडवू नये.

सूर्य मात्र वेळेवर बुडतो.
तेवढं आमच्याकडे नाही, म्हणून.

आणि एवढंच होतं. देवबागहून संगम, संगमाहून देवबाग.
उलटी येणाऱ्याला लिंबू, रडणाऱ्याला खुर्ची.
तासाभरानंतर कोणीतरी रडतंच. विचारत नाही आम्ही.

पण गेल्या अवसेला
गडहिंग्लजच्या पतसंस्थेची सहल होती, एकतीस माणसं,
संगमावर नाचता नाचता
बोट वाळूवर बसली.
धक्का नाही, काही नाही. बूड टेकलं फक्त,
थकलेली बाई पायरीवर टेकते तसं.

लवूने इंजीन बंद केलं, मग जनरेटर.
'डिझेल जळता फुकट. पाणी येतला, वायच बसा.'
गाणं मधेच तुटलं तेव्हा
वसुली अधिकारी बेलेकर यांचा एक हात वरच राहिला,
तो त्यांनी हळूहळू खाली आणला,
कोणी पाहत नाही असं बघून.

मग नदीचा आवाज. आधी कोणाला कळेचना तो कसला.
खाली वाळू सरकते, करकरते, थांबते.
लोक आपोआप हळू बोलायला लागले
जसे परक्याच्या घरात.
लवू बांबू बुडवून बघायचा. 'वीतभर कमी.'
पुन्हा बुडवायचा. 'वीतभरच.'

शेअर्स विभागातल्या एक बाई, भारमल,
मला म्हणाल्या, तुम्हाला पोहता येत असेल ना?
नाही, म्हटलं.
हसतील वाटलं. कोणी हसलं नाही.
त्या उठल्या, काळोखात चाचपत
खोक्यातलं जास्तीचं जाकीट काढलं
आणि म्हणाल्या, हात वर करा.

चार वर्षं इथे आहे. कोणी बांधलं नव्हतं.
पट्टा आवळला त्यांनी,
मी श्वास आत घेतला.

कधीतरी आठ वाजता बोट हलली.
सायमनने तेच गाणं तुटलं तिथून लावलं,
पण नाचायला दोघंच उठले,
बाकीचे काठाकाठाने बसून राहिले, मांदेलीची ताटली
एकमेकांकडे सरकवत. मोजणं राहून गेलं.

जास्तीच्या दोन तासांचे पैसे आम्ही घेतले नाहीत,
त्यांनी परतही मागितले नाहीत.

तर एवढी कल्पना असू द्या. पाण्याच्या बाटल्या आपल्या आपण.
आणि हो, त्या रात्रीची एक जोडी पिंपात अजून आहे,
तपकिरी, आठ नंबर, टाच बाहेरून झिजलेली.
अनवाणी कोण गेलं ते कळलं नाही.