वावडी

यंदा वावडी उठली ती लिफ्टपासून.
लिफ्टवाल्यांचा करार दरसाल वर्षाचा व्हायचा,
या खेपेला तीन महिन्यांचा झाला
आणि तो कागद स्टोअरकीपर सुकुमारन
मेसमध्ये, डाळीच्या पातेल्याशेजारी,
मुद्दाम विसरून गेला.

संध्याकाळपर्यंत शाहीन बीच हॉटेल पडलं होतं.
सातही मजले.
रात्रपाळीनं त्या जागी चाळीस मजली उभं केलं,
तळाला कॅसिनो, गच्चीवर तलाव,
आणि सकाळी मी त्याच पडलेल्या सातव्या मजल्यावर
पंचावन्न टॉवेल मोजून दिले.

रास अल खैमाच्या या किनाऱ्यावर
मला लिनन रूममध्ये बावीस वर्षं झाली.
तेवढ्यात हे हॉटेल सहादा पडलंय.
एकदा इथं हॉस्पिटल होणार होतं,
एकदा मालकाच्या धाकट्याचा घोड्यांचा तबेला.
पण पलीकडच्या बेटावर क्रेन उगवल्यापासून
कुणाला दुसरं काही सुचत नाही.

दाभोळच्या खाडीवर लहानपणी आम्ही वावडी उडवायचो,
पतंगाहून थोर,
दोरीला वाख ताणून बांधला की वर जाऊन गुणगुणायची.
हीही गुणगुणते,
जिन्यात, ड्रेनेजच्या पाइपात,
इस्त्री मारताना वाफेत.

मंगळवारी पिवळ्या टोप्यांतले दोघे आले.
छोट्या हातोडीनं खांब वाजवत फिरले,
कलिंगड घेताना वाजवतात तसे,
कान लावून.
मी चादरींच्या गठ्ठ्याआडून विचारलं, पिकलंय का?
हसले नाहीत.

मग पैजा लागल्या.
टेकबहादूरचे वीस दिरहॅम, रमजानच्या आधी.
रोवेनाचे पंधरा, ईदनंतर.
मोफिजुल म्हणाला, कधीच नाही,
आणि पन्नास ठेवले,
कारण एजंटाचं कर्ज फिटायला त्याला अजून दोन वर्षं आहेत
आणि दुसरी कुठली तारीख परवडत नाही.
वही माझ्याकडे.
माझं अक्षर बरं, शिवाय मी जुगार खेळत नाही,
हे सगळ्यांना माहीत.
म्हणजे बांधायच्या आधीच कॅसिनो सुरू झाला,
मेसच्या डगमगत्या टेबलावर,
आणि पाच वेळचा नमाजी मी
त्याचा कॅशियर.

जुबेदाला फोनवर सांगितलं.
गावात वीज गेली होती,
चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज.
मला वाटलं, घाबरेल.
ती म्हणाली, "खरंच पाडतायत?
नक्की?
की मागल्यासारखंच?"
तो आवाज मी लग्नाच्या वर्षी ऐकला होता.
म्हटलं, बघू, लोक काय, काहीही बोलतात.
"हं," म्हणाली,
आणि नळाला पाणी आलं म्हणून फोन ठेवला.
वीज नसताना पाणी कसं चढलं
ते मी विचारलं नाही.

गुरुवारी हानीसाहेबांनी बोलावलं.
एसीखाली बादली, बादलीत थेंब,
साहेबांचा टाय सैल.
"पुढल्या वर्षाची ऑर्डर टाकायचीय, मुकादम.
किती चादरी?"
दरसाल बाराशे.
मी तोंडाकडे बघत राहिलो, काही कळतंय का म्हणून,
तर तेही माझ्या तोंडाकडे बघत होते.
त्यांनाही कुणी काही सांगितलं नव्हतं.
बाराशे म्हणावं तर हॉटेल उभं राहतं,
शून्य म्हणावं तर जुबेदा.
थेंब पडला.
माझ्या तोंडून निघालं, नऊशे.
का, ते मला आजही सांगता यायचं नाही.
त्यांनी नऊशे लिहिलं, खाली सही केली,
आणि सुटल्यासारखे खुर्चीत टेकले.

संध्याकाळी मेसमध्ये पक्की खबर आली,
थेट वरून,
की फक्त वरचे दोन मजले पाडणार.
मोफिजुल हिशेब विचारायला लागला,
अर्धंमुर्धं पाडलं तर पैज कुणाची?
वही मिटून मी म्हटलं, उद्या बघू.

रात्री जुबेदाचा मिस्ड कॉल होता.
टॉवेलांची चवड मोजून झाली होती.
मी ती पुन्हा मोजायला घेतली.