पंगत

शिरोली एमआयडीसीत, आमच्या फाउंड्रीच्या माडीवर
सोळा संगणक मिळून एकच गणित करतात:
पंपाच्या बिडाच्या कवचात
लोखंड कुठं आधी थिजेल, कुठं पोकळी धरेल.

प्रत्येकाला एकेक तुकडा वाटून दिलेला.
पण कडेला काय चाललंय
हे शेजाऱ्याला विचारल्याशिवाय
कुणालाच पुढचं पाऊल नाही.
जत्रेतल्या पंगतीसारखं,
शेवटच्या ताटात रस्सा पडेपर्यंत
पहिल्यानं भाकरी मोडायची नाही.

आणि वाढपी कोण, तर तांब्याची तार.
तापायची, अडखळायची.
सोळा जण हात धुऊन बसलेले,
पंखे नुसते घोंघावत.

मंगळवारी शाहीन मुजावर आली.
केसाएवढा काचेचा धागा सोलला,
स्पिरिटनं पुसला,
श्वास धरून टोकाला टोक जोडलं.
"डोळा लावू नका. दिसत नसला तरी असतो उजेड."
मी जुना मोबाइल धरला समोर,
पडद्यावर एक जांभळट ठिपका.
एवढाच.

पूर्वी उत्तर यायच्या आत ओतकाम उरकायचं,
मग घण घालून पोकळी शोधायची.
परवा चहा निवायच्या आत कळलं.
खाली जाऊन भरमाला म्हटलं,
डाव्या अंगाला रायझर वाढव.
"कुणी सांगितलं?"
उजेडानं, म्हणालो.
"बरं हाय की," म्हणत त्यानं लॅडल कलती केली.

मग साच्याजवळ हात शेकत बसला.
लोखंड निवायला अजून अख्खी रात्र होती.